प्रेमकथेला लागणारी मधली वर्षे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रेमकथा चांगली की वाईट, हे ठरवायला आपल्याकडे दोन फूटपट्ट्या पूर्वीपासून वापरात आहेत. एक घरातल्या वडीलधाऱ्यांची. हे पुस्तक मुलीच्या हाती द्यावे का, एवढेच त्यांना बघायचे असते. दुसरी समीक्षकांची. याला वाङ्मय म्हणायचे का, हा त्यांचा प्रश्न. अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी लपवून वाचणाऱ्या मुलीकडे मात्र तिसरीच फूटपट्टी असते. नायिका पहिल्या पानावर जशी होती तशीच शेवटच्या पानावर आहे, की मधल्या दोनशे पानांत तिचे काही झाले, हे ती बघत असते. तिला तसे शब्दांत सांगता येणार नाही कदाचित, पण पुस्तक परत करताना ‘छान आहे, पण ती शेवटी उगाच रडत बसली’ असे ती मैत्रिणीला सांगते, तेव्हा ती समीक्षाच करत असते. या तिसऱ्या फूटपट्टीचा इतिहास मला सांगायचा आहे, आणि तो उदगीरसारख्या गावातून पाहिला की जरा वेगळा दिसतो.

सुरुवात १८६८ पासून करू. त्या साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. अद्भुताने भरलेली ही प्रेमकथा, तिच्यात आकाशातून उडणारे विमानही आहे. कादंबरीपेक्षा तिची प्रस्तावना मला अधिक मोलाची वाटते. रिसबूड तिथे मोकळेपणाने सांगतात, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतर काही कारणांमुळे आपल्या आयुष्यात रस वाटावा असे ना दुर्गुण आढळतात ना सद्गुण. रोज दिसते तेच लिहिले तर वाचणार कोण? म्हणून अद्भुताकडे वळावे लागते.

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी होत असे. तिने कोणाला पाहायचे, कधी ओळख व्हायची, मन कधी बदलायचे? प्रेमकथेला प्रेमाच्या आधी थोडा काळ लागतो. बालपण संपले आहे आणि लग्न झालेले नाही, अशी चार-पाच वर्षे लागतात. ती वर्षेच त्या समाजात मुलींच्या वाट्याला नव्हती. रिसबुडांनी विमान आणले ते हौसेखातर नव्हे. जमिनीवर त्यांना जागाच मिळेना.

मग मुलींसाठी त्या काळी काय लिहिले जात होते? बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. त्यातली यमुना प्रवासात विधवांची दुःखे पाहत जाते. उर्दूत १८६९ साली डिप्टी नझीर अहमद यांचे ‘मिरात-उल-उरूस’ आले. उदगीरच्या संदर्भात हे नाव घ्यायलाच हवे, कारण आपला हा भाग निजामाच्या राज्यातला. शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू. नझीर अहमद स्वतः पुढे काही वर्षे हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते. त्यांच्या या पुस्तकात दोन बहिणी आहेत. अकबरी फूहड, म्हणजे वेंधळी आणि हट्टी. असगरी शहाणी, संसार सावरणारी. सरकारने पुस्तकाला बक्षीस दिले आणि कितीतरी घरांत ते मुलीच्या हाती आवर्जून दिले गेले. वडीलधाऱ्यांच्या फूटपट्टीवर ते शंभर नंबरी उतरते. आपल्या फूटपट्टीवर मात्र असगरी पहिल्या पानावरही शहाणी आणि शेवटच्या पानावरही शहाणीच. तिला शिकायचे असे काही उरलेलेच नाही. गंमत अशी, की वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती अकबरी.

मराठीत ही कोंडी फोडली हरिभाऊ आपट्यांनी. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच आपली हकिकत सांगते. लग्न लहानपणीच झालेले. म्हणजे रिसबुडांची अडचण हरिभाऊंनाही होतीच. त्यांनी प्रेम लग्नानंतर आणले. रघुनाथराव तिला वाचायला शिकवतात, दोघे मुंबईला बिऱ्हाड करतात, आणि ज्या मुलाशी आपले लग्न लावून दिले त्याच्यावर आपले प्रेम आहे हे यमूला हळूहळू कळत जाते. मराठी कादंबरीत एक मुलगी आपल्या डोळ्यांसमोर वाढते ती इथे. तिची भाषाही तिच्याबरोबर वाढते. पुढे नवरा जातो, तिचे केशवपन होते, आणि त्या प्रसंगाने वाचक हादरतो. मात्र तो हादरतो याचे कारण आधीची मुंबईची पाने. ज्या बाईचे मन आपण घडताना पाहिले, तिचेच डोके सक्तीने भादरले जाते आहे. ‘करमणुके’चा अंक आठवड्याला येई, आणि यमूबरोबर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणे हाही त्या वाचनाचा भाग होता.

आता थोडे कायद्याकडे वळू, कारण प्रेमकथेचा इतिहास कायद्याच्या पुस्तकातूनही जातो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला ते सर्वांना ठाऊक आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. त्याच सुमारास मुंबई-पुण्यात मुली मॅट्रिक होऊ लागल्या, वसतिगृहात राहू लागल्या. ती चार-पाच वर्षे अखेर हाती आली आणि त्यांच्या मागोमाग प्रेमकथांची लाट आली.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. जपानमध्ये १८९९ साली मुलींच्या माध्यमिक शाळांचा कायदा झाला. शाळेत जाणारी, अजून लग्न न झालेली मुलगी हा एक नवाच वर्ग तयार झाला. अशा मुलीला तिथे ‘शोजो’ म्हणतात. १९०२ मध्ये तिच्यासाठी ‘शोजो-काई’ नावाचे मासिकही निघाले. आज आपल्याकडची मुले-मुली मोबाईलवर ज्या जपानी चित्रकथा वाचतात, त्यांतल्या ‘शोजो मांगा’ या प्रकाराचे मूळ या शाळेच्या वर्षांत आहे. आधी वर्षे, मग वाचक, मग मासिक, आणि शेवटी नायिका, असा तो क्रम आहे.

उदगीरचे काय? शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. उदगीर तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. तिथे तो लागू नव्हता. पुण्याची कादंबरी पुस्तकाच्या गाठोड्यातून इकडे येई, पण त्या कादंबरीत मुलीला जी वर्षे मिळत, ती वाचणाऱ्या मुलीला घरात मिळत नसत. पुस्तक पोचले आणि कायदा पोचला नाही, अशी अवस्था १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत होती. आमच्याकडच्या जुन्या बायकांना फडक्यांच्या कादंबऱ्या ‘परीकथेसारख्या’ वाटत, त्याचे एक कारण हे असावे.

ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ चे. कथानक कसे बांधावे, उत्कंठा कशी वाढवावी, हे त्यांनी त्यात शिकवले, आणि ‘जादूगार’, ‘दौलत’ अशा कादंबऱ्यांत करूनही दाखवले. त्यांची भाषा गोड, पात्रे देखणी, गाठ अगदी वेळेवर सुटणारी. मला विचाराल तर फडक्यांची नायिका गोंधळते, रुसते, गैरसमज करून घेते, पण बदलत नाही. गैरसमज दूर झाला की ती होती तिथेच परत येते. गैरसमजावर उभी राहिलेली प्रेमकथा वाचायला मजा येते, यात वाद नाही. पण अशी गोष्ट एका चिठ्ठीने संपू शकली असती, ही चुटपूट मागे राहते.

त्याच काळात, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ आले. लेखिका विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव आहे हे कळताच ती कोण याचा शोध सुरू झाला. पुरुषानेच लिहिले असावे अशीही शंका घेतली गेली. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. मधली वर्षे मिळालेल्या मुलींच्या या कथा. शिकल्या, नोकरी करू लागल्या, घर त्यांच्या पगारावर चालू लागले, आणि लग्नाचा विषय निघेनासा झाला. वर्षे मिळाली, पण ती संपतच नाहीत, असे हे नवे दुःख. पुढच्याच वर्षीच्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि मातृत्वाची इच्छा धरते. त्यावर जे काहूर उठले ते सगळे पहिल्या फूटपट्टीचे होते. अचलेने केले ते शोभते का, यावर रकाने भरले. ती तिथवर कशी पोचली याकडे फार थोड्यांनी पाहिले. गीता साने यांच्या वाट्याला तर तेवढेही लक्ष आले नाही. ‘निखळलेली हिरकणी’ १९३६ ची; आज ती वाचलेली माणसे शोधावी लागतील.

स्वातंत्र्यानंतरच्या वाचनालयांतल्या कादंबऱ्यांबद्दल समीक्षक नाक मुरडून बोलतात. योगिनी जोगळेकर, डॉ. सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, बाबा कदम, चंद्रकांत काकोडकर. कपाटात ज्यांची पाने सर्वांत जास्त सुटलेली असतात, ती यांचीच पुस्तके. यांतल्या काकोडकरांच्या एका कथेचा निवाडा तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. ती हकिकत सांगण्याजोगी आहे.

१९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात ‘श्यामा’ आली. निशिकांत हा शिक्षक आणि कवी; त्याच्या आयुष्यात येणाऱ्या तीन स्त्रिया, नीला, वनिता आणि श्यामा. अश्लीलतेची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयात काकोडकर सुटले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. निकालपत्रात न्यायमूर्तींनी ही सगळी गोष्ट सविस्तर सांगितली आहे, एखाद्या परीक्षणात सांगावी तशी. सुटे उतारे काढून चालणार नाही, कथा संपूर्ण वाचली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. लेखन फार वरच्या दर्जाचे नसेल, लेखकाचा अनुभव तोकडाही असेल, पण तेवढ्याने ते अश्लील ठरत नाही, असे ते म्हणाले. आणि स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेखही चालणार नसेल, तर कोवळ्या वयाच्या मुलांना धार्मिक पुस्तकांखेरीज वाचायला काही उरणारच नाही, हेही त्यांनी बजावले.

म्हणजे पहिली फूटपट्टी न्यायालयाने आखूड केली, आणि जाता जाता दुसरी लावूनही पाहिली. तिसरी लावणे त्यांचे काम नव्हते. ते आपले आहे. आणि ती लावली तर ‘श्यामा’ नावापुरतीच श्यामेची राहते. तिघीजणी येतात त्या निशिकांतच्या मनाची घडण दाखवण्यासाठी. हा दोष अश्लीलतेच्या आरोपाहून मोठा आहे, पण त्याला कोणतेच कलम लागत नाही! त्याच १९६९ साली काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ चित्रपटगृहांत आला आणि तुफान चालला. जो लेखक मुलांना बिघडवतो अशी फिर्याद होती, त्याची गोष्ट लोक सहकुटुंब जाऊन पाहत होते.

आपल्या भागात मात्र प्रेमाची सर्वांत खरी गोष्ट ‘प्रेमकथा’ या पाटीखाली आलीच नाही. १९७१ साली रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ प्रसिद्ध झाली. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. २०२५ मध्ये ते गेले. एका खेड्यातल्या शिंप्याच्या संसाराची पडझड त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. त्यात ‘प्रेम’ हा शब्द शोधत बसू नका. नवरा बोलेनासा होतो तेव्हा तिचा जीव कसा होतो, तो घरी यायला उशीर झाला की ती काय करते, यात सगळे आहे. यमूनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा एक बाई ‘मी’ म्हणून बोलली, आणि या वेळी आमच्या बोलीत. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. बोलीभाषेचा कौतुकसोहळा आपण अशा वेळी नेहमीच करतो. या बोलीत एका बाईने नवऱ्यावरची माया कशी सांगितली आहे, हे एकदा ‘पाचोळा’त वाचून पाहावे.

जपानचे नाव मी उगाच काढले नव्हते. गौरी देशपांडे यांच्या ‘तेरुओ’मधला तेरुओ जपानी आहे. १९८५ मध्ये ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ या पुस्तकात ही कथा आली. नायिका विवाहित आणि जाणती आहे. तिच्यात घडणारा बदल कोणी तिच्यावर लादलेला नाही आणि त्याची शिक्षाही तिला मिळत नाही. मराठी प्रेमकथेला इथवर यायला ‘मंजुघोषा’पासून शंभराहून अधिक वर्षे लागली.

आणि खुद्द जपानमध्ये? तिथेही मुलींच्या चित्रकथा सुरुवातीला बहुतेक पुरुषच काढत. १९७० च्या दशकात तरुण स्त्रियांनी लेखणी आणि ब्रश हाती घेतला. रियोको इकेदा यांनी १९७२-७३ मध्ये ‘रोज ऑफ व्हर्साय’ क्रमशः लिहिली आणि चितारली, तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. फ्रान्सच्या राजवाड्यात मुलगा म्हणून वाढवलेली ऑस्कर ही मुलगी राणीच्या रक्षकदलाची अधिकारी असते. आंद्रे हा तिच्या घरचा नोकर, लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या प्रेमाकडे ती कितीतरी काळ पाहतच नाही. ते तिला दिसू लागते तेव्हा आपल्या वर्गाबद्दलचे तिचे डोळेही उघडत आलेले असतात, आणि शेवटी बास्तीलच्या वेळी ती जनतेच्या बाजूने उभी राहते. प्रेम कळणे आणि जग कळणे या दोन गोष्टी तिथे एकमेकींपासून तोडता येत नाहीत. शिंप्याची बायको आणि व्हर्सायची अधिकारी यांच्यात तसे साम्य काय? पण उदगीरच्या एखाद्या मुलीने या दोघींची पुस्तके एकाच आठवड्यात वाचली, तर तिला त्या अनोळखी वाटणार नाहीत.

मुलीच्या लग्नाचे वय १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले आणि ती मर्यादा उदगीरलाही लागू आहे. तरी मराठवाड्यात, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत, आजही कितीतरी मुलींची लग्ने त्याआधीच उरकली जातात. रिसबुडांनी दीडशे वर्षांपूर्वी प्रस्तावनेत नोंदवलेली अडचण त्या घरांपुरती अजून सुटलेली नाही.