राजाचा गळ

चैत्र सरत आला की दख्खनच्या तलावांचे पाणी काठापासून मागे हटते. गाळ खाली बसतो, उथळ पाणी कोमट होते. मासा पहाटे व तिन्हीसांजेस काठाशी चरावयास येतो आणि उन्हे चढताच डोहाचा आश्रय घेतो. मरळीला मात्र हवेचा घोट घेण्यासाठी वरचेवर वर यावेच लागते. तेथेच ती जाणत्या नजरेस सापडते. गळ टाकून बसणाऱ्याची ही विद्या पोथीत मावणारी नव्हे, असे आपण सहज समजतो.

परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आपल्या हैदराबाद राज्यातच होते. या ग्रंथाचा पहिला खंड श्रीगोंदेकर यांनी संपादून १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. पुढे १९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला.

राजाने सुमारे पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते; समुद्रातले कोणते, गोड्या पाण्यातले कोणते. दोरी, काठी, गळ यांचे वर्णन आहे. शाकाहारी माशांना तिळाचे व पिठाचे गोळे, मांसाहारी माशांना मांस घातलेले गोळे, असा आहारभेदही आहे. मासा लागला म्हणजे त्यास एकदम न ओढता खेळवावयाचे, हेही राजा विसरत नाही.

येथे मन थोडे अडखळते. आधी चारा घालून मासे एका जागी जमवावयाचे आणि मग त्याच घासात गळ दडवावयाचा, याला विनोद म्हणावे काय? राजाला तसा प्रश्न पडलेला दिसत नाही. पोटासाठी गळ टाकणाऱ्याला तो पडण्याचे कारणही नाही.

मला खटकते ते निराळेच. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात आहे. म्हणजे राजाचे कान कांडणाऱ्या बायांपर्यंत पोहोचले होते. कोणत्या माशाला कोणता घास रुचतो, हे तर त्याने पाण्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसांकडूनच ऐकले असणार. मत्स्यविनोदात माशांची नावे आहेत. त्या माणसांपैकी एकाचेही नाही.