अरबीत काय शिजतंय?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तासगावातून सरळ पश्चिमेला निघालात तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि मध्ये अख्खा सह्याद्री. बंगालचा उपसागर तर विचारूच नका. तरीही दिवाळीच्या आगेमागे तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्यात खटावच्या बाजूला द्राक्षवाल्यांच्या चहाच्या टपरीवर उभं राहिलात, तर लक्षद्वीपजवळ काल रात्री ढग कसे गोल व्हायला लागलेत यावर चर्चा ऐकू येईल. माझ्या मामाचा फोन येतो तोसुद्धा "जेवलास का" वगैरे न विचारता थेट "काय रं, अरबीत काय शिजतंय का?" असा. भाचा कंप्युटरवाला आहे म्हणजे उपग्रह त्याच्याच खिशात असणार, असा त्याचा पक्का समज आहे. :)

आमच्या ऑफिसातल्या मंडळींना याची गंमत वाटते. चक्रीवादळ म्हणजे किनारा, कोळी, बंदर. द्राक्षाचा काय संबंध?

संबंध आहे तो कॅलेंडरचा. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीनंतर आधी पोंगा, मग कोवळी फूट, आणि साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेली बाग नोव्हेंबरच्या मध्यावर फुलात असते. आता हवामानाचं पुस्तक उघडा. भारताभोवतीच्या दोन्ही समुद्रांत वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याआधी मे-जूनच्या सुमाराला, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. बाग सगळ्यात नाजूक असते नेमकी त्याच वेळी समुद्र तापलेला असतो. फुलोऱ्यात दोन दिवस पाऊस लागला, पानं ओली राहिली, की डाऊनी येतो, घड कुजतात, मणीगळ होते. त्यासाठी वादळ जमिनीवर यावं लागत नाही. ते ओमानच्या दिशेने निघून गेलं तरी त्याने ओढून आणलेला ढग पुरतो.

आणि इथेच मला या विषयाचा इतिहास फार रोचक वाटतो. आपल्याकडे वादळाची सूचना देण्याची सगळी व्यवस्था उभी राहिली ती जहाजांसाठी.

'सायक्लोन' हा शब्दच मुळात कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माजी जहाज कप्तान होता. शिक्षणाने हवामानशास्त्रज्ञ वगैरे काही नाही, नोकरी सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयात. पण नाद वादळांचा. बंदरात आलेल्या जहाजांच्या रोजनिशा मिळवायच्या, कुठल्या तारखेला कुठे वारा कुठून वाहत होता ते नकाशावर मांडायचं, आणि त्यातून वादळाची वाट शोधायची, हा त्याचा उद्योग. (लॉग फाइल्स वाचून बग शोधणारे आपण, त्याचेच वंशज म्हणायचे.) 1848 साली त्याने खलाशांसाठी एक पुस्तक काढलं आणि त्यात गोल फिरणाऱ्या या वादळाला ग्रीक शब्दावरून 'सायक्लोन' म्हटलं. पुस्तकाबरोबर शिंगाच्या पातळ पारदर्शक चकत्या असत, त्यांवर वाऱ्याच्या दिशा कोरलेल्या. चकती नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा जुळवायचा, की वादळाचं केंद्र कुठे आहे ते कळतं. बिनखर्चाचं अॅपच!

याच पिडिंग्टनने 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहून कळवलं होतं की मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, एक दिवस समुद्राचं पाणी वादळाबरोबर आत येईल. ऐकतंय कोण! पोर्ट कॅनिंग बांधलं गेलं आणि 1867 च्या वादळात त्याची वाट लागली. पिडिंग्टन ते पाहायला राहिला नाही, तो 1858 मध्येच गेला.

दरम्यान 1864 मध्ये आधी कलकत्ता आणि मग मछलीपट्टणला वादळांनी हजारोंनी माणसं मारली, तेव्हा सरकार हललं. 1865 पासून कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे सुरू झाले. त्याच दशकात पाऊसही दगा देत होता, दुष्काळ पडत होते. या दोन्हींच्या धक्क्यातून 1875 साली भारतीय हवामान खाते जन्माला आलं. म्हणजे पहिल्यापासूनच दोन टेबलं: एकावर जहाजं आणि वादळ, दुसऱ्यावर शेतकरी आणि मोसमी पाऊस. 1928 मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या 'शिमला ऑफिस' चौकातल्या सिग्नलला वैतागणाऱ्या पुणेकरांनी हे नाव कुठून आलं ते यावरून ओळखावं. पुण्यातच 1932 मध्ये कृषी हवामानाचा विभाग सुरू झाला, 1945 पासून शेतकऱ्यांसाठी रेडिओवर बातमीपत्र आलं, 1963 मध्ये सांगलीला आकाशवाणी आली. काम मोठंच झालं. पण नोव्हेंबरातला द्राक्षवाला या दोन टेबलांच्या मधे पडला. पावसाचं टेबल तोवर आवरलेलं, आणि वादळाचं टेबल विचारणार, "किनाऱ्याला धडकणार का? नाही? मग ठीक."

हे मी खात्याला नावं ठेवायला लिहीत नाही. 1999 साली ओडिशात वादळाने दहा हजारांच्या आसपास माणसं मेली आणि 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर आलेल्या फायलिनमध्ये पन्नासच्या आत, हे अंदाज आणि स्थलांतर या दोन्हींचं यश आहे, त्याला सलाम. मुद्दा एवढाच की माणूस वाचवण्याचा प्रश्न वेगळा आणि "उद्या औषध मारू का परवा" हा प्रश्न वेगळा.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक स्वतःच शोधायला लागले ते उपग्रहाची चित्रं घरबसल्या दिसायला लागल्यावर. 2002 साली सोडलेल्या हवामान उपग्रहाला पुढच्या वर्षी कल्पना चावलाचं नाव मिळालं. त्या 'कल्पना'ची काळीपांढरी चित्रं इंटरनेटवर येऊ लागली, आणि तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसून समुद्र बघण्याची सोय झाली. 2004 पासून आपल्या समुद्रांतल्या वादळांना नावंही मिळायला लागली, त्यातलं पहिलं 'ओनिल', तेही अरबी समुद्रातलंच. नाव मिळतं ते वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की. त्याच्या आधी डीप डिप्रेशन, त्याआधी डिप्रेशन, त्याच्याही आधी नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. बाग बुडवायला यातलं शेवटचंही पुरतं. मामा म्हणतो, "बारसं व्हायच्या आधीच सांग."

11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं. कोकणात कोळी बुडाले, ती बातमी मोठी होती आणि असायलाच हवी होती. घाटावर त्याच पावसात बागा फुलोऱ्यात उभ्या होत्या.

पण द्राक्षपट्ट्यात आजही साल म्हणून आठवलं जातं ते 2019. ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फूट ओलांडले, 2005 चा विक्रम मोडला. नदीकाठ त्यातून सावरतोय तोवर ऑक्टोबर संपताना रत्नागिरीपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर 'क्यार' तयार झालं. आधी किनाऱ्याकडे आलं, मग वळून पश्चिमेला निघालं आणि ऐन दिवाळीत भर समुद्रात महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात 2007 च्या 'गोनू'नंतर पहिलंच. भारताच्या किनाऱ्याला ते धडकलंच नाही. बातम्या म्हणाल्या, "धोका टळला." आणि द्राक्षपट्ट्यात पाऊस पडतच राहिला. क्यार मावळायच्या आत मागून लक्षद्वीपजवळ 'महा' उभं राहिलं. एकाच समुद्रात एकाच वेळी दोन वादळं, नोव्हेंबरचा पहिला आठवडा तसाच गेला. सांगली, सोलापूर, नाशिक, सगळीकडे घड कुजले. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी फळबागांना हेक्टरी 18,000 रुपये जाहीर केले. एका एकराच्या फवारणीचं बिल ज्याने पाहिलंय त्याला हा आकडा समजावून सांगायला नको.

2020 ने आणखी एक धडा शिकवला: पश्चिमेलाच बघत बसू नका. 13 ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं, तेलंगण ओलांडून सोलापूर-सांगलीवर धो धो कोसळलं आणि पुढे अरबी समुद्रात उतरलं. त्या आठवड्यानंतर मामाच्या फोनमधला प्रश्न "दोन्हीकडं बघ" असा झाला.

बघायचं म्हणजे काय? समुद्राचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर आहे का, वरच्या थरातला वारा ढगाची टोपी उडवतोय की टिकू देतोय, आणि युरोपचं मॉडेल नि अमेरिकेचं मॉडेल एकमेकांशी सहमत आहेत का. हल्ली हे सगळं रंगीत होऊन मोबाइलवर येतं, वाऱ्याच्या रेषा हलतात, बघायला फार सुंदर. अडचण अशी की दहा दिवसांपुढचं चित्रही तितकंच सुंदर दिसतं. पोरं त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवतात, "15 तारखेला महावादळ", आणि गावभर घबराट. दुसऱ्या दिवशी तेच मॉडेल ते वादळ गिळून टाकतं.

या चुकीच्या भाकितालाही किंमत आहे. पाऊस येणार म्हणून आधीच मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारलं आणि आलाच नाही, तर औषध, डिझेल, मजुरी गेली. वर निर्यातीच्या मालात औषधाचे अंश किती चालतात याला युरोपची मोजपट्टी. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशांवरून कंटेनर अडकले होते, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. म्हणून जुनी माणसं सल्ला देताना हात राखून देतात. पाच दिवसांच्या आतलं असेल तरच बोलायचं, दोन्ही मॉडेलं एक म्हणत असतील तरच पंप जोडायचा, नाहीतर "अजून बघू".

मामाने तेवढ्यावर न थांबता छाटणीच फोडलीय. दोन एकर सप्टेंबरात, दोन ऑक्टोबरच्या मध्यावर, एक त्याच्याही नंतर. एक वादळ सगळी बाग एकाच अवस्थेत गाठू नये म्हणून. भाव पडला तर यात तोटा आहे, मजूर तीनदा शोधावे लागतात. प्लॅस्टिकचं आच्छादन घालणारेही वाढलेत, पण तो खर्च ऐकून तो फक्त हसतो. फवारणीच्या डायरीत मागच्या पानांवर त्याने प्रत्येक हंगामातल्या अवकाळीच्या तारखा लिहून ठेवल्यात, समोर कुठल्या समुद्रातून आला ते: 'अ' किंवा 'ब'. 2019 च्या ओळीत 'अ, अ'.