सार्स आणि सेव्हन्स

वीकेंड आला की मला जुने निकाल उकरायची खोड. या वेळी हाती लागली २००३ची हाँगकाँग सेव्हन्स. २८ ते ३० मार्च, ऐन सार्सच्या साथीत! रोलिंग स्टोन्सनी तिथले कार्यक्रम पुढे ढकलले, २९ पासून शाळा बंद. रग्बी मात्र झाली; न्यूझीलंडला हरवून इंग्लंड जिंकलं. त्याच २९ तारखेला, हनोईत हा आजार ओळखणारे डॉ. कार्लो उर्बानी बँकॉकमध्ये त्याच आजारानं गेले. ३१ला अमोय गार्डन्सचा ई ब्लॉक सील झाला. हाँगकाँगमध्ये एकूण २९९ माणसं दगावली.

'स्पर्धा पार पडली ना, मग झालं!' असं म्हणणारे आमच्या धंद्यातही भेटतात. अहो, सर्व्हर कोसळला नाही म्हणजे कोड बरोबर होता असं थोडंच असतं? कधीकधी नुसतं नशीब चांगलं असतं.