१५.७ मीटर

३१ जुलै २००८, टोकियो. टेपको कंपनीच्या बैठकीत एका आकड्यावर चर्चा होते: १५.७ मीटर. फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रावर त्सुनामी एवढी चढू शकते, हे कंपनीनेच करवून घेतलेल्या गणिताचं उत्तर. केंद्राची तयारी ५.७ मीटरची, पहिल्या चार अणुभट्ट्यांची जमीन १० मीटरवर. वरिष्ठ अधिकारी साकाए मुतो ठरवतात, आधी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडून अभ्यास करून घेऊ. लाटा अडवणाऱ्या भिंतीचं काम लांबणीवर पडतं.

७ मार्च २०११. हा आकडा नियामक संस्थेला कळवला जातो. मध्ये दोन वर्षं सात महिने गेलेले आहेत.

११ मार्च, दुपारी २.४६. ९.० तीव्रतेचा भूकंप. चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद होतात. बाहेरची वीज जाते, डिझेल जनित्रं सुरू होतात. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

३.०३. पहिली अणुभट्टी फार वेगाने थंड होते आहे. कर्मचारी आणीबाणीच्या शीतकाचे व्हॉल्व्ह बंद करतात. हेही नियमाप्रमाणेच.

३.२७. पहिली लाट. नुकसान नाही.

३.३६च्या सुमारास दुसरी. जनित्रं आणि विजेची पॅनेल बहुतांशी तळघरांत आहेत. काही मिनिटांत पहिल्या चारही अणुभट्ट्यांची वीज गेलेली असते. पहिल्या अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात दिवे विझतात, काटे मरतात. शीतकाचा व्हॉल्व्ह या क्षणी उघडा आहे की बंद, हे कोणालाच सांगता येत नाही. गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या जातात, अंधारात एकेका मापकाला जोडल्या जातात.

रात्री ९.१९. पाण्याचा मापक जिवंत होतो. इंधनाच्या माथ्यावर २० सेंटीमीटर पाणी दाखवतो. ते खोटं होतं. इंधन उघडं पडून वितळू लागलेलं होतं.

९.२३. सरकारचा आदेश: ३ किलोमीटरच्या आतल्यांनी घरं सोडा. पहाटे ५.४४ला १० किलोमीटर.

१२ मार्च, दुपारी ३.३६. पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट. संध्याकाळी ६.२५ला आदेश २० किलोमीटरवर जातो.

१४ मार्च, सकाळी ११.०१. तिसऱ्या इमारतीत स्फोट.

त्याच रात्री, टोकियो. पत्रकार परिषद चालू आहे. उत्तरं देताहेत तेच मुतो, आता उपाध्यक्ष. एक कर्मचारी पुढ्यात चिठ्ठी सरकवतो आणि कानाशी सांगतो: पंतप्रधान कार्यालयाकडून निरोप आहे, हा शब्द अजिबात वापरायचा नाही. शब्द होता मेल्टडाउन, म्हणजे अणुभट्टीचा गाभा वितळणं. कुजबुज ध्वनिमुद्रित झाली. निरोप कंपनीचे अध्यक्ष मासाताका शिमिझू यांनी पाठवलेला, हे पाच वर्षांनी चौकशीत निघालं. तत्कालीन पंतप्रधान नाओतो कान यांनी असा आदेश दिल्याचं नाकारलं.

कंपनीच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं होतं की गाभ्याचं ५ टक्क्यांहून अधिक नुकसान झालं तर मेल्टडाउन म्हणावं. त्या दिवशी पहिल्या अणुभट्टीचा कंपनीचाच अंदाज ५५ टक्के होता. लाटेपुढे माणूस थिटा पडला, हे समजून घेता येतं. हा शब्द मात्र माणसांनी दाबून ठेवला, आणि तेव्हा माणसं घरं सोडत होती.

मे २०११. टेपको मेल्टडाउन मान्य करते. मात्र अशी व्याख्याच आपल्याकडे नव्हती, हे पुढेही सांगत राहते.

२०१९. मुतो आणि दोन माजी सहकारी या अपघाताबद्दलच्या फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटतात. निकाल वरच्या न्यायालयातही कायम राहतो.

फेब्रुवारी २०१६, म्हणजे त्या निकालाच्याही आधी. निईगाता प्रांत वर्षानुवर्षं मेल्टडाउनबद्दल विचारत राहिल्यावर टेपको कबूल करते, व्याख्या होती, पुस्तिकेतच होती. टेपकोचं काशिवाझाकी-कारिवा केंद्र निईगातातच आहे, आणि ते पुन्हा चालू करायला कंपनीला याच प्रांताची संमती हवी होती.