वाटेवरचा वाघोबा

शहापूर-मुरबाडकडचे पाडे असोत, येऊरचा डोंगर असो की आता पालघर जिल्ह्यात गेलेले जव्हार-डहाणू. पाड्याची शीव संपून रान सुरू होते, अशा जागी पायवाटेच्या कडेला वाघोबा हा वाघदेव असतो. कुठे तो शेंदूर फासलेला दगड असतो, तर कुठे जमिनीत उभी रोवलेली लाकडी फळी. फळीवर वरती चंद्र-सूर्य, खाली शेपटी पाठीवर उचललेला वाघ, कधी शेजारी नाग. हल्ली या फळीकडे आदिवासी कलेचा नमुना म्हणून पाहतात. कोरीवकामाला दाद द्यावीच. पण फळीचा इतिहास तिच्या जागेत अधिक आहे. माणूस आणि जनावर एकाच वाटेने जातात हे ओळखून वारली, ठाकर, कोळी समाजांनी त्या वाटेवर केलेला तो करार आहे.

यावर कोणी म्हणेल, ही निव्वळ भीतीची पूजा. करार ही आपली आजची कल्पना. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे 1854 मध्ये कल्याणला रेल्वे पोचण्याआधी, जॉन विल्सन या मिशनऱ्याने उत्तर कोकणातल्या वारल्यांना त्यांच्या देवाविषयी विचारले होते. त्यांची उत्तरे त्याने लिहून ठेवली. वाघ्याला, म्हणजे वाघोबाला, आम्ही कोंबडी-बकरी देतो, नारळ फोडतो. तो आम्हाला वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. आणि इतके देऊनही घात झाला, तर आम्ही त्याला खडसावतोही! केवळ भ्यालेला माणूस देवाला जाब विचारत नाही. ज्याचे देणे चुकते झाले आहे, तोच विचारतो. विल्सनला सांगितलेला देव बिनआकाराचा दगड होता, हे खरे. पण दगड असो वा फळी, देण्याघेण्याची रीत तीच. गावात वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, त्याच आश्विन वद्य द्वादशीला रानाकडे वाघबारस होते. एकाच तिथीला गुरे आणि गुरांवर झेपावणारा, दोघांचाही मान राखला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ठाण्याच्या रानातून पट्टेरी वाघ कधीच गेला, मग वाघोबा उरला कशाला? पण पाड्यावर बिबट्याही वाघच असतो, आणि तो गेलेला नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या सुमारे 150 स्थानांची नोंद आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेत बिबट्या थेट इमारतीत शिरला आणि माणसे जखमी झाली. वाघ कधी हल्लाच करणार नाही, असे या करारात कधी नव्हते. तो येणार हे धरूनच शीव आखलेली होती. शहराने मात्र ती शीव न विचारता ओलांडली.

म्हणून रस्ता रुंद करताना फळी उपटून संग्रहालयात नेणे हे जतन नव्हे. जागेवरून हलली की तिचा अर्धा अर्थ जातो. येऊरला पहाटे चालायला, सायकल चालवायला जाणाऱ्या ठाणेकरांनी अशी फळी दिसली तर तिला हात लावू नये, आणि तिची हकिगत पाड्यातल्या माणसांना विचारावी.