भिंतीवरची माणसे आणि त्यांची नावे

आपल्या द्वारका भागात राहणाऱ्या कित्येक भगिनींची सासरे-माहेरे मूळची जुन्या नाशकातील व पंचवटीतील वाड्यांतली. वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या. आणि सोप्यात छताजवळ किंचित पुढे कलत्या टांगलेल्या तसबिरींची रांग ट्रंकेत जाऊन पडली. अलीकडे दिवाणखान्याची एक भिंत राखून तिच्यावर घराण्याचे फोटो मांडण्याची हौस पुन्हा दिसू लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु त्या भिंतीवर कोण दिसते आणि कोणाचे नाव उरते, याचा थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस येथे जगापुढे आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली व भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच सुमारास मुंबईत छायाचित्रणाचा धंदा सुरू केला. तथापि सामान्य घरांच्या भिंतींवर तेव्हा माणसे नव्हती, देव होते. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाल्यावर लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघर पोहोचल्या. त्यांच्याच शेजारी हळूहळू आजोबांचा पगडीतला फोटो येऊन बसला.

आजीचा फोटो मात्र मागाहून आला. फोटो काढला की आयुष्य घटते, अशी समजूत होती. शिवाय परपुरुषासमोर बसायचे कसे, हा प्रश्न होताच. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेस खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला व तो चालविण्यास एक इंग्रज बाई नेमल्या, यावरून ही अडचण केवढी होती ते कळते. आपल्याकडे पुष्कळ घरांत गृहिणीचा स्वतंत्र फोटो तिच्या हयातीत कधी निघालाच नाही. ती गेल्यावर कोणाच्या तरी लग्नातील घोळक्याच्या फोटोतून तिचा चेहरा मोठा करून घेतला, चंदनाचा हार घातला आणि तो भिंतीवर लावला.

नाशिककरांना जवळचे असे एक उदाहरण देते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मले, नाशकातच १९४४ मध्ये निवर्तले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाच्या वेळी फिल्मला भोके पाडण्यापासून ती रसायनात धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली. दिवसभर राबणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. या सरस्वतीबाईंचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. १९०२ मध्ये लग्न झाले आणि नाव पालटले. गिरिजा म्हणून त्यांना ओळखणारे माहेर त्यांच्या मागे पडले. आपल्या पणज्यांपैकी बहुतेकींची हीच गोष्ट. एका बाईची दोन नावे आणि फोटोमागे त्यांपैकी एकही नाही!

याच्या उलट, आनंदीबाई जोशी यांचा १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला फोटो पाहावा. जपानची एक, सिरियाची एक आणि आपली नऊवारीतली आनंदी, अशा तिघी आपापल्या देशीच्या वेषात बसल्या आहेत. खाली तिघींची नावे व गावे लिहिलेली आहेत. आनंदीबाई १८८७ मध्ये गेल्या. परंतु त्या फोटोतील दूरदेशीच्या मैत्रिणीही आज आपल्याला नावाने माहीत आहेत, त्या या एका ओळीमुळे.

आमच्या घरीही एक जुना फोटो आहे. नवरा खुर्चीवर बसलेला, बाई शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव व पत्ता सुबक छापलेला आहे. बाईंचे नाव कोठेच नाही. घरात त्यांना ‘मधल्या काकू’ म्हणत, एवढेच मला सांगता आले. ज्यांना अधिक ठाऊक होते, ती माणसे आता नाहीत.

म्हणून भिंत सजविण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात, असे माझे सांगणे आहे. प्रत्येक फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, वर्ष व गाव लिहावे. शाईचा डाग पुढे उमटतो. बाईचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे लिहावीत, ‘सौ. अमुक’ एवढ्यावर भागवू नये. गुळगुळीत रंगीत फोटोवर पेन्सिल उठत नाही, तेव्हा नाव वेगळ्या कागदावर लिहून चौकटीच्या पाठीमागे लावावे. मूळ फोटो पेटीत जपून ठेवावा व त्याची प्रत टांगावी. ऊन येणारी किंवा पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत फोटो उन्हात फार लवकर विटतात. काच व फोटो यांमध्ये जाड कागदाची चौकट असावी, कारण ओलीने फोटो काचेला चिकटला की सोडविताना चेहराच निघून येतो. १९६९ च्या गोदावरीच्या पुरानंतर नदीकाठच्या घरांना ओल म्हणजे काय हे निराळे सांगावे लागले नाही.

आणि सर्वांत आधी एक काम करावे. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला दुपारी निवांत बसवून, एकेक फोटो तिच्या हाती देऊन ‘ही कोण?’ म्हणून विचारावे आणि ती सांगेल ते तिच्यासमोरच लिहून काढावे. चौकटी, खिळे, रंग यांची घाई नाही. ती कामे पुढल्या दिवाळीलाही होतील. आपल्या मंडळातील ज्येष्ठ भगिनींनी पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या आठवणीत जी नावे आहेत, ती दुसरीकडे कोठेही लिहिलेली नाहीत.