सुकडी, सुखात्मे आणि प्रोटीन बार

टेंभी नाक्यावरून जांभळी नाका मार्गे ठाणे स्टेशनला चालत जा. मेडिकलच्या काउंटरवर, सुपरमार्केटच्या गल्ल्यापाशी, सगळीकडे प्रोटीन बार. साठेक ग्रॅमची वडी, वर 'प्रोटीन 20 ग्रॅम', किंमत शंभराच्या आसपास. सकाळची लोकल पकडणारी पोरं हल्ली डब्याऐवजी हीच बॅगेत टाकतात. घरचे ओरडतात, पोरं म्हणतात, 'सगळं आहे त्यात.'

मंडळी, 'सगळं आहे त्यात' हे वाक्य महाराष्ट्राने याआधीही ऐकलंय. तेव्हा ते जिममध्ये नाही, दुष्काळी कामांवर ऐकू आलं होतं.

1972 चा दुष्काळ. मे 1973 मध्ये खडी फोडायच्या, बंडिंगच्या, रस्त्याच्या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खायला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सोबत सुकडी. पीठ, गूळ, शेंगदाणे असं काहीबाही घालून केलेला कोरडा, गोडसर पौष्टिक खाऊ. शिजवायला नको, टिकायला चांगला, वाटायला सोपा. आपला पहिला सरकारी प्रोटीन बारच म्हणा ना! त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, सुकडीची चव अजून सांगतील. तिने माणसं तगवली यात वाद नाही. पण सुकडी हेच जेवण, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. लोक भाकरीचीच वाट बघत होते.

गंमत अशी, की त्याच काळात जगभर 'प्रोटीन'चा गजर चालू होता. गरीब देशांचा मुख्य आजार म्हणजे प्रथिनांची कमतरता, असं तज्ज्ञ सांगत होते. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा येऊ घातलेल्या 'प्रोटीन संकटा'वर अहवाल आला. आपल्याकडे म्हैसूरच्या संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि चण्याचं पीठ वापरून 'मल्टिपर्पज फूड' केलं होतं.

या गजराला आकडे घेऊन आडवा गेला तो आपला सातारकडचा माणूस. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध. रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख, नंतर पुण्यात. त्यांचं म्हणणं साधं होतं: डाळ-भात, डाळ-भाकरी खाणाऱ्या माणसाचं पोट भरत असेल, तर प्रथिनंही बहुतेक पुरतात. ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांना मुळात अन्नच कमी पडतंय. आणि अन्न कमी असताना प्रथिन दिलंत तर शरीर ते सरपण म्हणून जाळून टाकतं, बांधणीला वापरत नाही. हैदराबादचे डॉ. गोपालन यांचंही मत त्याच दिशेचं होतं. 1974 मध्ये तर लॅन्सेटमध्ये 'द ग्रेट प्रोटीन फियास्को' या नावाचा लेखच आला.

(सुखात्म्यांचं पुढचं सगळंच पटण्यासारखं नाही. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेतं, या त्यांच्या मांडणीवर दांडेकरांसकट अनेकांनी झोड उठवली, आणि माझ्या मते ती योग्यच होती. पण प्रोटीनचा मुद्दा टिकला.)

आता आपल्या जिल्ह्याकडे या. टेंभी नाक्याजवळ जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडाही याच ठाणे जिल्ह्यात. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी 'कुपोषण' हा शब्द पेपरच्या पहिल्या पानावर आणला. उत्तर म्हणून पुढे काय आलं? पाकीट. अंगणवाडीतून घरी न्यायचा कोरडा आहार, म्हणजे टीएचआर: शिरा, उपमा आणि चक्क सुकडी. कागदावर कॅलरी, प्रथिनं सगळं बरोबर. पण पोरं खात नाहीत, पाकिटं गुरांपुढे जातात, या तक्रारी वर्षानुवर्षे चालूच राहिल्या.

शाळांचंही तसंच. 1995 च्या योजनेत मुलाला महिन्याला 3 किलो कोरडा तांदूळ मिळायचा. सुप्रीम कोर्टाने 28 नोव्हेंबर 2001 ला सांगितलं: कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान 200 दिवस. प्रथिनाचा आकडा आहे, पण ताटात. 2015 ला आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली, तीही गरोदर आणि स्तनदा बायांसाठी एक वेळचं गरम ताट घेऊनच: भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू.

तर बारचं काय? खा की! क्लासनंतर, ट्रेकला, लोकल लटकल्यावर बिस्किटापेक्षा बराच. पण हिशोब बघा. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला साधारण 50. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 25, तुरीच्या डाळीत 22, एका अंड्यात 6. मामलेदारच्या मिसळीतली मोडाची उसळसुद्धा या हिशोबात येते, तर्रीचं मी काही बोलत नाही. आणि सकाळी चहा, दुपारी बार, रात्री दहाला डोंबिवलीत उतरून वडापाव असा दिवस असेल, तर सुखात्मे म्हणाले होते तेच होणार: वीस ग्रॅम प्रथिनातलं बरंचसं सरपणात.

शिवाय कॉफी-चॉकलेट चवीच्या त्या वडीत पालेभाजी नाही, ताक नाही, लिंबाची फोड नाही. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचा: साखर किंवा तिचे पर्याय कितव्या नंबरवर आहेत, प्रथिन कुठून आलंय. आणि तीच शंभराची नोट घेऊन एकदा जांभळी नाक्याच्या बाजारात जा, शेंगदाणे किती येतात ते बघा.